दोन वर्षांचा पगार कोण देणार?

बीएस्सीचा निकाल लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत एमएस्सीचा विषय निघतो आणि दोन-चार दिवसांत बारगळतो. बाहेर कारण सांगितले जाते ते फीचे. पण मुंबई विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतली एमए, एमएस्सीची फी एमबीए किंवा खासगी अभियांत्रिकीच्या मानाने पुष्कळच कमी असते आणि अनेकांना ती शिष्यवृत्तीतून माफही होते. परवडत नाहीत ती दोन वर्षे. एकवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरात पगार आणू शकत असताना आणखी दोन वर्षे तो आणणार नाही, हे घराला झेपत नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या खर्चाचा विचार आपण फीपासून सुरू करतो आणि फीपाशीच संपवतो. म्हणून आपल्या बहुतेक योजना चांगल्या हेतूने आखलेल्या असूनही नेमक्या जागी पोहोचत नाहीत.

साधा हिशेब मांडून पाहू. अंबरनाथच्या एमआयडीसीत एखाद्या रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या मुलीला महिना 18,000 रुपयांची नोकरी मिळते आहे, असे समजा. दोन वर्षांचे झाले 4,32,000 रुपये. एमएस्सीची सगळी फी माफ झाली तरी एवढी रक्कम त्या घरातून वजा होते. वडील कंत्राटी कामावर असतील, घराचा हप्ता चालू असेल, धाकटा भाऊ बारावीला असेल, तर ही वजाबाकी कागदावर राहत नाही. ती किराण्यात दिसते, औषधात दिसते, भावाच्या क्लासच्या फीमध्ये दिसते. आई-वडील शिक्षणाच्या विरोधात नसतात. महिनाअखेरीचा हिशेब त्यांना पाठ असतो, इतकेच.

'नोकरी करत शिक' हा सल्ला लगेच मिळतो. या पट्ट्यात तो पाळणे कसे असते, हे जवळून पाहायला हवे. बदलापूरची मुलगी कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात शिकायला निघाली, तर सकाळच्या गर्दीत जीव मुठीत धरून कुर्ल्यापर्यंतचा लोकलचा प्रवास, तिथून बस किंवा शेअर रिक्षा. घरातून निघून वर्गात बसेपर्यंत दोन तास सहज जातात आणि परतताना पुन्हा तेवढेच. दुपारी प्रॅक्टिकल असते, ते संपवून निघाली की संध्याकाळची गर्दी. दिवसाचे चार तास प्रवासात गेल्यावर कारखान्याची पाळी कुठे बसवायची? उरते ती शिकवणी, शनिवार-रविवारचे दुकानातले काम किंवा घरून करायची डेटा एंट्री. त्यातून पास आणि झेरॉक्सचा खर्च निघतो, घराचा हातभार निघत नाही. मग बहुतेकजण उलट टोक धरतात. पूर्णवेळ नोकरी आणि दूरशिक्षणातून एमए किंवा एमकॉम. दूरशिक्षणाने या भागातल्या कित्येक पिढ्यांना पदव्या दिल्या, त्याचे मोल मोठे आहे. पण प्रयोगशाळेचे विज्ञान पुस्तिकेतून शिकता येत नाही आणि आठ-दहा तास काम करून आलेल्या माणसाच्या वाट्याला अभ्यासासाठी दिवसातला सगळ्यात थकलेला तास येतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. शिकणाऱ्याला आधी अन्न आणि निवारा लागतो, हे आपल्या शिक्षणसुधारकांनी फार पूर्वी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले आणि 1947 साली तिथेच 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. पुण्यात 1955 साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाच्या प्रश्नासाठीच. त्याआधीची वार लावून जेवण्याची पद्धत जातीच्या चौकटीत अडकलेली होती, आज ती कुणालाही नको. पण विद्यार्थ्याच्या पोटाची जबाबदारी समाजाची आहे, एवढे तरी त्यात गृहीत होते. बहुजन समाजाच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातला इतिहास मोठ्या प्रमाणात वसतिगृहांचा इतिहास आहे, तो याच कारणाने.

पदव्युत्तर शिक्षणासाठी पैसा कसा उभा राहतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या बदल्यात शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. ही शिष्यवृत्ती दरमहा मिळणारी होती, हे महत्त्वाचे. तिच्यावर न्यूयॉर्कमध्ये राहून त्यांनी कोलंबिया विद्यापीठात 1915 साली एमए केले. मग ते लंडनला गेले, पण 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. बुद्धी तीच होती, प्रवेश मिळालेला होता, विषयही ठरलेला होता. महिन्याचा आधार तेवढा सुटला होता. पुढे त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि 1920 साली ते लंडनला परत गेले. 1923 साली त्यांना डीएस्सी मिळाली. एवढ्या असामान्य माणसाची तीन वर्षे महिन्याच्या खर्चापायी अडली. बदलापूरच्या सर्वसाधारण हुशार मुलाची दोन वर्षे अडली, तर तो शिक्षण सोडून देतो आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

हाच मापदंड लावून आजच्या योजना पाहू. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून चालू आहे आणि तिने लाखो घरांत पहिला पदवीधर घडवला. आज तिच्यातून फीबरोबर वर्षाला 2,500 ते 13,500 रुपयांचा शैक्षणिक भत्ता मिळतो. अभ्यासक्रमानुसार तो बदलतो आणि घरून ये-जा करणाऱ्याला वसतिगृहात राहणाऱ्यापेक्षा कमी मिळतो. सगळ्यात वरची रक्कम धरली तरी महिन्याला 1,125 रुपये होतात. राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी आहे. मुंबईसारख्या शहरात ती वर्षाला 60,000 रुपये देते: 32,000 जेवणाचे, 20,000 निवासाचे, 8,000 निर्वाहाचे. निवासाचे महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये झाले. मुंबईत तेवढ्यात कॉटबेसिसवर जागा मिळणेही मुश्कील. शिवाय हप्ते उशिरा येतात, ही तक्रार नेहमीची. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै 2024 मध्ये राज्याने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फीमाफी जाहीर केली, तीही आठ लाखांच्या मर्यादेतच. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण या दोन्ही योजना फीच्या आहेत, आणि फीचा पैसा अखेर संस्थेच्या तिजोरीत जातो. विद्यार्थिनीच्या घरच्या महिन्यात त्याने भर पडत नाही.

आता पुढची पायरी पाहा. नेट उत्तीर्ण होऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर 1 जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडे मिळते. पुढे सीनिअर फेलोशिपचे 42,000. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थाही पीएचडीच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. संशोधनाला पगाराचे मोल आहे, हे सरकारने मान्य केले आहे. फक्त त्या दारापर्यंत जाणारी एमए-एमएस्सीची दोन वर्षे मोकळी सोडली आहेत. पीएचडीला 37,000 आणि त्याआधीच्या दोन वर्षांत, तेही पात्र ठरलात तर, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे जास्तीत जास्त हजार-अकराशे. मग त्या दारापाशी पोहोचतो कोण? ज्याच्या घराला दोन वर्षे त्याच्या पगारावाचून चालते तो. गुणवत्तेची चाळणी नेट परीक्षेत लागते असे आपण मानतो. त्याआधीच घरच्या परिस्थितीची चाळणी लागून गेलेली असते.

'मग कर्ज काढा' हा दुसरा सल्ला. शैक्षणिक कर्ज वाईट नाही. एमबीए, एमसीए किंवा परदेशातले एमएस, अशा जिथे पुढच्या पगाराचा अंदाज बांधता येतो तिथे ते उपयोगी पडते. बँकांच्या सर्वसाधारण नियमानुसार चार लाखांपर्यंत तारण किंवा तिसरा जामीनदार लागत नाही, पालक सहकर्जदार असले की पुरते. मोठ्या कर्जाला, साडेसात लाखांच्या वर गेले की सहसा, घर किंवा ठेव तारण ठेवावी लागते. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो आणि फेडायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते. पण या पट्ट्यात तारण हाच अडसर आहे.

उल्हासनगरचे उदाहरण घ्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे शहर. 1949 साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. बराकींच्या जागी घरे झाली, घरांवर मजले चढले आणि परवानग्या मागे राहिल्या. उच्च न्यायालयाने 855 अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिल्यावर राज्याला 2006 साली एकट्या या शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा शहरात बाप पंचवीस वर्षे ज्या घरात राहिला, ते घर बँकेच्या वकिलाच्या टेबलावर टिकत नाही. बदलापूर-अंबरनाथची अडचण वेगळी. मुंबईत, ठाण्यात घर परवडले नाही म्हणून लोक इथे आले, गृहकर्ज काढून दोन खोल्या घेतल्या. कागद चोख आहेत, पण ते आधीच बँकेत आहेत. एकाचे घर तारणाला चालत नाही, दुसऱ्याचे आधीच गहाण आहे. मुलगा किती हुशार आहे, हे दोन्हीकडे कुणी विचारलेलेच नसते.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना तारणाची आणि जामीनदाराची अट काढून टाकते, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला 75 टक्के पतहमी देते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत देते. दिशा योग्य आहे. मात्र ती देशातल्या निवडक संस्थांपुरती (मंजुरीच्या वेळी 860) आहे आणि व्याजसवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. आणि योजना कितीही उदार झाली, तरी इतिहासात किंवा वनस्पतिशास्त्रात एमए-एमएस्सी करणाऱ्याला कर्ज कोणत्या भरवशावर काढायला सांगायचे? ज्या शिक्षणाचा फायदा समाजाला मोठा आणि पदवीधराच्या खिशाला छोटा, ते कर्जावर उभे राहू शकत नाही. शिक्षक, संशोधक, ग्रंथपाल, अनुवादक हवेत आणि त्यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी कर्जबाजारी व्हावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, आज ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. शोध कर्जापासून सुरू करू नका, जिथे शिकण्याचे पैसे मिळतात त्या जागांपासून सुरू करा. गेट परीक्षा देऊन एमटेकला गेलेल्याला आणि जीपॅट देऊन एमफार्मला गेलेल्याला मान्यताप्राप्त संस्थेत महिन्याला 12,400 रुपये मिळतात. टीआयएफआर, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणच्या एकात्मिक पीएचडीला बीएस्सीनंतर थेट प्रवेश मिळतो आणि विद्यावेतन सुरू होते. अमेरिकेत एमएसला बहुधा स्वतःचे पैसे लागतात, पण विज्ञानातल्या पीएचडीला विद्यापीठ बहुतेक वेळा फीही भरते आणि मानधनही देते. घर गहाण टाकण्याआधी हा फरक ठाऊक असला पाहिजे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे, जयंत नारळीकर तिच्याच मदतीने केंब्रिजला गेले. या सगळ्या परीक्षांची तयारी निकालानंतरच्या जूनमध्ये होत नाही, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला सुरू करावी लागते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता हेही तेव्हाच हाताशी करून ठेवावे लागते, कारण प्रवेशाच्या दिवसांत तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि एका कागदापायी वर्ष जाते. ही माहिती विद्यार्थ्याला शेजारच्या दादाकडून योगायोगाने कळू नये. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात ती सांगणे हे महाविद्यालयाचे कामच मानले पाहिजे.

पण वाटा शोधण्याचे सगळे ओझे विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. माझी मागणी सरळ आहे. एमटेकच्या विद्यार्थ्याला 12,400 रुपये देताना सरकार त्याच्याकडून आठवड्याला आठ तासांचे अध्यापन-साहाय्य घेते. हेच तत्त्व सार्वजनिक विद्यापीठांतल्या आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या एमए, एमएस्सी, एमकॉमच्या गरजू विद्यार्थ्यांना लावा. आठवड्याचे आठ तास पदवीच्या प्रयोगशाळेत मदत करणे, नगरपालिकेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवणे, ग्रंथालयात काम करणे. दोन वर्षांचे एका विद्यार्थ्याचे 2,97,600 रुपये होतात. वर मांडलेल्या 4,32,000 च्या तुटीतला दोन तृतीयांश भाग यातून भरून निघतो. उरलेला भार घर उचलेल, कारण आता मुलगी महिन्याला काहीतरी आणते आहे. घरात मुलीच्या पुढच्या शिक्षणाची चर्चा लग्नाच्या चर्चेशेजारीच चालते, हे आपण जाणतो. तिच्या खात्यावर दरमहा पैसे जमा होऊ लागले, तर त्या चर्चेत तिचा आवाज वाढतो. फीमाफीने हे साधत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, सरकारने लोकांना एमए करायला पगार का द्यावा? कारण पदवीपर्यंत त्यांच्यावर खर्च झालेला आहे आणि पीएचडीला सरकार पगार देणारच आहे. मधला पूल नसेल तर दोन्ही टोकांचा खर्च अपुरा ठरतो. दुसरा आक्षेप असा की, लोक नुसते मानधनासाठी नाव घालतील. म्हणूनच आठ तासांचे काम, हजेरी आणि सत्रागणिक निकालाची अट. तिसरा असा की, 'कमवा आणि शिका' आहेच. आहे, आणि ती आपली अभिमानाची परंपरा आहे. पण कर्मवीरांच्या योजनेत श्रमाबरोबर राहण्या-जेवणाची सोय होती आणि काम संस्थेतच, अभ्यासाच्या वेळा सांभाळून होते. बारा तासांची पाळी करून रात्री वही उघडणाऱ्याला कर्मवीरांचे नाव ऐकवणे हा त्या परंपरेचा मान नव्हे.

सरकारची वाट पाहतानाही या तीन शहरांना करण्यासारखे खूप आहे. अंबरनाथ-बदलापूरला औद्योगिक वसाहती आहेत. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्यात शिक्षण येते. त्यातून सभागृहाला रंग देण्यापेक्षा दरवर्षी काही विद्यार्थ्यांचा दोन वर्षांचा निर्वाह उचलणे शक्य आहे. याखेरीज बडोदे संस्थानाने केले तसे एखादा कारखाना स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टला अर्ध्या पगारावर एमएस्सीला पाठवू शकतो, परतल्यावर तीन वर्षे काम करण्याच्या करारावर. कारखान्याला प्रशिक्षित माणूस मिळतो, माणसाला पदवी मिळते. माजी विद्यार्थी, व्यापारी मंडळे आणि पतपेढ्यांनी मिळून हमी निधी उभारला, तर तारणावाचून अडलेल्या कर्जाला जामीन राहता येईल. आणि नगरपालिकांनी रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या अभ्यासिका चालवल्या, तर दोन खोल्यांत पाच माणसांत अभ्यास करणाऱ्याला निदान टेबल-खुर्ची मिळेल.

हे अशक्य वाटत असेल, त्यांनी उल्हासनगरच्या चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालयाकडे पाहावे. ते चालवणाऱ्या हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाच्या नावात आजही मागे राहिलेले शहर आहे. घरदार गमावून आलेल्या समाजाने मुंबईत आणि मग छावणीच्या या गावात महाविद्यालये उभी केली. स्वतःचे बस्तान बसत असतानाच पुढच्या पिढीच्या शिक्षणासाठी पैसा बाजूला काढता येतो, याचा पुरावा बाहेरून आणायची गरज नाही.

त्या पिढीपुढचा प्रश्न इमारतीचा होता. आता इमारती आहेत, वर्ग आहेत, कित्येक विषयांच्या जागाही रिकाम्या राहतात. कमी आहे ती त्या वर्गात दोन वर्षे निश्चिंतपणे बसू शकणाऱ्या मुलांची. त्यांची फी माफ करून आपण निम्मेच काम केले आहे. राहिलेले निम्मे त्यांच्या महिन्याच्या खर्चाचे आहे. ते सरकारने, उद्योगांनी आणि गावाने वाटून घेतले पाहिजे, आणि येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी घेतले पाहिजे.